चार बायका, पाच मुठी : खान्देशातली रहस्यकादंबरी लिहायची कशी

चोपड्याला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर माझं दस्तलेखनाचं टेबल आहे. दिवसभर खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहायची आणि रात्री जेवणं आटोपली की कादंबरीची वही उघडायची, हा माझा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. वाचनालयात लिहू पाहणाऱ्या मुली भेटतात. त्यांच्या वहीत बहुतेक एकच गोष्ट असते: जुना वाडा, कुलूपबंद खोली, पेटीत सापडलेलं पत्र आणि ‘ती रात्र’. मुली हुशार आहेत, भाषा हाताशी आहे, पण वाडा कुठल्या गावचा ते कळत नाही. तो पुण्यात असला काय, कोकणात असला काय, गोष्टीचं काही अडत नाही.

माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या बायकांची गुपितं कुलपाआड शोधूच नका. ती सगळ्यांनी सह्या केलेल्या कागदात सापडतात, दरवर्षी सगळ्यांदेखत केलेल्या विधीत सापडतात. आणि एकट्या बाईकडे अख्खं गुपित कधी नसतं. एकीकडे थोडं, दुसरीकडे थोडं, तिसरीला वाटतं की आपल्याला काहीच माहीत नाही. कोणी खोटं बोलत नाही, तरी पन्नास वर्षं बाहेर काही येत नाही. ही वाटणी नीट बसवली की कादंबरीचं निम्मं काम झालं. ती कशी बसवायची हे एक सांगाडा समोर ठेवूनच सांगते. सांगाडा माझ्या मनाचा आहे, कोणाच्या घरचा नाही. गाव पारोळा तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं, नाव तुम्ही हवं ते द्या.

सुरुवात उघड्यावरच्या गोष्टीपासून

रहस्यकादंबरी म्हटलं की आधी प्रेत डोळ्यांसमोर येतं. प्रेत लागेलच, पण ते मागाहून आणा. आधी अशी एक साधी गोष्ट हुडका जी घरात दरवर्षी होते आणि जिच्यात एक बारीकसा हिशेब चुकतो. माझ्या सांगाड्यात ती कानबाईच्या रोटात आहे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमच्या खान्देशातली देवी, बसते. ज्यांच्या कुळात रोट असतात त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याचीही मूठ निघते. कोणाकडे मुठीऐवजी शेराचं किंवा पायलीचं माप असतं, ज्याच्या त्याच्या कुळाचा रिवाज. त्या गव्हाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या होतात, सोबत पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. रोट आपल्याच भाऊबंदांनी खायचे, परक्या कुळात जाऊ द्यायचे नाहीत, हे बायका फार कडक पाळतात.

आता प्रसंग बघा. यमुनाबाई, घरातली मोठीमाय, पुढ्यात सूप घेऊन बसली आहे. शेजारी गव्हाचं पोतं उसवून ठेवलंय. ती एकेक नाव घेते आणि मूठ टाकते. ‘भिला.’ मूठ, वर पाव मूठ. ‘संजू.’ ‘राहुल.’ ‘छोटू.’ घरातले पुरुष चार, चार नावं झाली. हात थांबत नाही. पाचवी मूठ पडते, वरची पावही पडते, ओठ मात्र मिटलेले. मग ती गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकते, हातातली बांगडी मागे सारते आणि सूप सुनेकडे सरकवते.

हा प्रसंग लिहिताना मोह होतो की मनीषाच्या, म्हणजे भिलाच्या नातीच्या, मनात पाल चुकचुकल्याचं लिहून टाकावं. तसं करू नका. त्याच वेळी वीज जाऊ द्या, गिरणी बंद पडली म्हणून संजू ओरडत येऊ द्या, चुलीवरचं पुरण लागू द्या. मनीषाने पाचवी मूठ बघितली आणि ती पुरण ढवळायला धावली, इतकंच. वाचणारीनेही ती बघितली आणि विसरून गेली. रहस्यात खूण लपवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे भर गडबड. आणि सणाच्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात गडबड विकत आणावी लागत नाही.

दुसरी खूण पहिलीच्या पोटातली. सोमवारी विसर्जन झालं की यमुनाबाई एक रोट फडक्यात बांधते, पारोळ्याला एसटी धरते आणि एरंडोल, जळगाव करत भुसावळला जाऊन येते. विचारलं तर म्हणते, जुनी ओळख आहे. आता जिला रोटाचा नियम ठाऊक आहे ती इथे थबकेल. रोट परक्या घरी जात नाही. तो भुसावळला जात असेल तर भुसावळचं ते घर परकं नाही. हे वाक्य कादंबरीत कुठेही लिहायचं नाही. मुंबईच्या वाचकालाही ते लागावं म्हणून नियम मात्र पहिल्याच प्रकरणात येऊन गेला पाहिजे, तोही शिकवण म्हणून नाही: एखादी चुलती शेजारच्या पोराच्या हातातून रोटाचा तुकडा काढून घेते आणि त्याला लाडू देऊन पिटाळते, तेवढ्यात नियम कळतो.

एकेकीचं पान वेगळं

लिहायला बसण्याआधी प्रत्येक बाईसाठी वहीचं एक पान ठेवा. त्यावर चारच गोष्टी लिहा: तिने डोळ्यांनी काय बघितलं, त्यावरून काय धरून चालली, कोणाला सांभाळतेय, आणि बोलली तर तिचं काय जाईल. ‘तिला काय माहीत आहे’ असा मोघम प्रश्न घेऊ नका. बघितलेलं आणि धरून चाललेलं यांच्यातच सगळी कादंबरी असते.

यमुनाबाईचं पान. नवरा दौलत, भिलाचा थोरला भाऊ, १९७३च्या वैशाखात गेला. तिला मूलबाळ नाही. दौलतचा एका बाईशी संबंध होता आणि त्याला मुलगा झाला होता हे तिला दौलतनेच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ती त्याला नको ते बोलली. तो रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर गेला आणि सकाळी नव्हता. त्याने आपल्या बोलण्यामुळे जीव दिला असं ती तेव्हापासून धरून चालली आहे. म्हणून मुलाची मूठ घालते.

सुभद्राफुईचं पान. दौलत-भिलाची बहीण, दिलेली अमळनेरला, त्या वैशाखात आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी माहेरी आलेली. तिने रात्री आपल्या आईला धाब्याच्या शिडीवरून खाली उतरताना बघितलं. आईच्या पदराला माती होती. ती आईला सांभाळते आहे, आई जाऊन कित्येक वर्षं झाली तरी.

शकुंतलाचं पान. मुलाची आई. साक्रीकडची, दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली, दौलत तिथे मुकादम होता. पुढे भुसावळला राहिली, पोर वाढवलं. तिने काहीच बघितलेलं नाही. दौलतने आपल्याला टाकलं आणि त्याची बायको दयेपोटी वर्षाला एक रोट पाठवते, असं ती समजते. तो रोट ती पोराला देते, पण स्वतः कधी खात नाही.

आणि मनीषा, जिला काहीच माहीत नाही. तिच्या पानावर वेगळा प्रश्न: ही मुलगी शोधायला का निघेल? नुसतं कुतूहल पुरत नाही, कुतूहल दुसऱ्या दिवशी विझतं. माझ्या सांगाड्यात तिला जात पडताळणी करायची आहे. प्रवेशाची तारीख तोंडावर आली आहे आणि पणजोबांचा जुना पुरावा हवा आहे. आपल्याकडे घराघरातली पोरं या एकाच कारणाने तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन जुनी रजिस्टरं चाळतात. पोलीस नको, गुप्तहेर नको. आणि तारीख असल्यामुळे घाईही फुकटात मिळते.

पाचवी बाई, यमुनाबाईची सासू, भिंतीवरच्या फोटोत आहे. पहिल्या प्रकरणात त्या फोटोला हार घातला जातो. तिच्याबद्दल पुढे बोलू.

कागद हा साक्षीदार

या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे बहुतेकींच्या कादंबऱ्या कच्च्या राहतात. ‘तिला एक जुना कागद सापडला’ असं लिहून चालत नाही. कुठला कागद, तो कोणी लिहिला, कुठे ठेवतात, आणि त्यात काय नसतं हे ठाऊक पाहिजे.

जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. खूप जुन्या मोडीत असतात, वाचून देणारा शोधावा लागतो. त्यात पोराचं नाव बऱ्याचदा नसतंच. बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, संपलं. बाईच्या गोष्टीसाठी याहून सोयीची जागा नाही, कारण एकाच घरात जन्मलेल्या दोन मुलींपैकी कोण कोणती हे कागद सांगू शकत नाही. १९६९च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात बघायच्या, म्हणजे दौलतचा मृत्यू तिथे. शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर तिसरं. आणि जमिनीचं वेगळंच दप्तर: माणूस गेल्यावर वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये, फेरफार ६ मध्ये, आणि मग सातबारावर नावं चढतात. फेरफार वाचायला शिका. सातबारा आजची स्थिती सांगतो, फेरफार ती तशी का झाली ते सांगतो.

बाईचं नाव लग्नात बदलतं हेही विसरू नका. माहेरच्या शाळेच्या रजिस्टरात गंगू आणि सासरच्या सातबारावर यमुनाबाई, दोन्ही एकच. मनीषा ‘गंगू’ नावाच्या बाईला शोधत तीन प्रकरणं फिरू शकते आणि ती बाई रोज तिला वाढत असते.

आता हक्कसोडपत्र. हा कागद माझ्या रोजच्या हातातला, म्हणून त्याच्याबद्दल पोटतिडकीने सांगते. भाऊ बहिणींना घेऊन येतो. बहिणी नीट नेसून आलेल्या असतात. कागदावर ठरलेली भाषा असते: ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसा जे की’, आणि शेवटी ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’. मी ते मोठ्याने वाचून दाखवते. ‘स्वखुशीने’ आलं की कोणी खाली बघतं, कोणी भावाकडे बघतं, कोणी माझ्याकडे. जिला सही येत नाही तिचा डावा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबायचा, कागदावर उमटवायचा. मग ती बाई तो अंगठा केसांना पुसते. कागदावर बोटाच्या रेघा राहतात आणि केसांतली शाई घरी जाऊन धुतली जाते. हा प्रसंग तुमच्या कादंबरीत असेल तर त्याला अर्धं पान तरी द्या. एका ओळीत ‘तिने सही केली’ लिहून पुढे जाणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

कायद्याचं साल जुळवणं अत्यंत गरजेचं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला आणि मुलींना वारस म्हणून हिस्सा मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मुलासारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण तोवर लग्न न झालेल्या मुलींना. सगळ्या मुलींना तो २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने मिळाला, आणि २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत हा मुद्दाही निकालात निघाला. तुमच्या कादंबरीतला भाऊ १९८० साली ‘पोरी समान वाटा मागतील’ म्हणून घाबरत असेल, तर तो कुठल्या मिळकतीबद्दल घाबरतोय हे आधी ठरवा. तसंच दुसऱ्या बायकोचं. मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला १९४६ साली कायद्याने बंदी आली. त्याआधीची सवत आणि नंतरची ‘ठेवलेली’ यांच्या मुलांच्या हक्कात जमीनअस्मानाचा फरक आहे. शकुंतला नंतरची आहे, म्हणून वारस नोंदीत तिच्या मुलाचं नाव लागलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

माझ्या सांगाड्यातला मधला झटका कागदाच्या पाठीवर आहे. १९७३ साली दौलत गेल्यावर यमुनाबाई आणि सुभद्राफुई या दोघींनी भिलाच्या नावे हक्कसोड करून दिलं. मनीषा कार्यालयातून त्याची नक्कल काढते. नकलेत मजकूर आहे, तारीख आहे, सगळं रीतसर. पुढे घरच्या लोखंडी पेटीत तिला मूळ दस्त सापडतो. ती तो उलटा करते. मुद्रांक विकणारा पाठीमागे अनुक्रमांक, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून सही करतो. तिथे नाव आहे यमुनाबाईचं आणि तारीख आहे दौलत मरायच्या तीन दिवस आधीची.

इथे घरातल्या सगळ्यात प्रेमळ बाईवर संशय जातो, आणि तो काही प्रकरणं तसाच राहू द्या. खरी गोष्ट अशी की तो मुद्रांक दौलतनेच यमुनेच्या नावाने घेतला होता. मुलाच्या नावे थोडी जमीन लावून द्यायची असं नवराबायकोत ठरलं होतं. यमुना कबूल झाली होती. दौलत गेला आणि तोच कोरा मुद्रांक भिलाने हक्कसोडासाठी वापरला. मुलाला देण्यासाठी आणलेल्या कागदावर मुलाचं नाव कायमचं पुसलं गेलं. हे यमुनेला माहीत होतं, तरी तिने अंगठा दिला, कारण नवऱ्याला आपणच मारलं असं ती धरून चालली होती. अशा ठिकाणी वहीतली पानं उपयोगी येतात: तिचा अंगठा तिच्या पानावरच्या दुसऱ्या ओळीतून आला.

विहीर आणि साल

पंचनाम्यात लिहिलंय, दौलत विहिरीतल्या पाण्यात बुडून मेला. खाली गावातल्या पंचांच्या सह्या. मनीषा श्रावणात ती विहीर बघायला जाते. विहीर काठोकाठ भरलेली आहे, पायऱ्या बुडाल्या आहेत. बुडणं तिला पटतं. वाचणारीलाही पटतं.

पण साल १९७३ आहे. १९७२चा पाऊस गेला होता. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामं चालू होती, रस्त्यांची, तलावांची, खडीची. कामावर सुकडी मिळायची. पारोळ्याकडच्या कोरडवाहू गावात वैशाखात विहिरीला पाणी कुठलं? ही खूण मी सुभद्राफुईच्या तोंडी देईन, आणि तीही दौलतबद्दल बोलताना नाही. जागरणाच्या रात्री ती नातसुनांना जुने हाल सांगत असते, हंडे घेऊन किती लांब जावं लागायचं ते, आणि बोलता बोलता म्हणते, ‘हिरमा पानी कोठे व्हतं?’ सगळ्या हसतात, गाणं पुढे सुरू होतं. मनीषा एकटी गप्प होते. आता तिला आणि वाचणारीला एकाच क्षणी कळतं की अख्ख्या गावाने खोट्या कागदावर सह्या केल्या होत्या आणि प्रत्येकाला ते माहीत होतं.

साल निवडताना असा विचार करा. साल म्हणजे प्रकरणाच्या डोक्यावर छापायचा आकडा नव्हे. त्या साली काय नव्हतं हे विचारा. पाणी नव्हतं, वीज गावात आली नव्हती, एसटी येत नव्हती. १९५७च्या आधी दशमान पैसे नव्हते, आणे होते. १९०६ पर्यंत खान्देश एकच जिल्हा होता, मग पूर्व खान्देश जळगावचा आणि पश्चिम खान्देश धुळ्याचा झाला. नंदुरबार जिल्हा १९९८चा. १९७३ सालच्या पाकिटावर ‘जि. नंदुरबार’ असा पत्ता आला तर आमच्याकडची कोणीही वाचक पुस्तक मिटेल. मुक्ताईनगरला तेव्हा सगळे एदलाबादच म्हणायचे.

भीती दुपारी लिहा

काळोखी रात्र, कोसळता पाऊस, विजा, कुत्र्यांचं रडणं: हे सगळं वाचून वाचून गुळगुळीत झालंय. आपल्याकडे खरी भीती वैशाखातल्या दुपारी असते. पारा पंचेचाळीसच्या आसपास. गल्लीत माणूस नाही, दारं लोटलेली, म्हशीसुद्धा गोठ्याच्या आत. भर उजेडात, सगळं स्वच्छ दिसत असताना कोणीच बघायला नसतं. १९७३ची प्रकरणं मी अशा दुपारींमध्ये ठेवीन. दौलतचं प्रेत विहिरीत टाकलेलं सकाळी सापडलं, पण घरातल्या बायकांनी काय बोलायचं ते ठरवलं दुपारी, माजघरात, बाहेर गाव झोपलेलं असताना.

आजची गोष्ट मात्र श्रावणात, शुक्रवार ते सोमवार एवढ्या चार दिवसांत बसवा. सगळ्या बायका एका छपराखाली येण्याचं खरं कारण सण देतो. आखाजीही चालली असती, माहेरवाशिणी तेव्हाच तर येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण आखाजी मी १९७३साठी राखून ठेवली, सुभद्राफुई तेव्हा घरात हवी होती म्हणून. कानबाईच्या जागरणाची रात्र म्हणजे तर लेखिकेला मिळालेलं वरदान. बायका रात्रभर जाग्या, गाणी चालू, कोणालाही उठून जाता येत नाही. जे बोलायचं ते गाण्याच्या आडोशाने, दुसरीच्या कानात. तीन-चार प्रकरणं त्या एका रात्रीला द्यायला घाबरू नका.

घर धाब्याचं घ्या. जुनी मातीची धाबी, उन्हाळ्यात सगळे वर झोपायचे, कठडा नसायचा, वर चढायला शिडी. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकतात हे एखाद्या ओळीत येऊ द्या, कारण त्या रात्री सासूच्या पदराला लागलेली माती कुठली हे पुढे कळायचं आहे.

तणाव वाढवण्याचा एक साधा मार्ग सांगते. वाचणारीला मनीषापेक्षा थोडं जास्त कळू द्या. भिलाआजोबांनी पेटीची किल्ली कमरेला लावली आणि घासलेटचा डबा न्हाणीजवळ आणून ठेवला हे आपण बघितलंय, मनीषाने नाही. मग तिने नुसती चहा करायला चूल पेटवली तरी वाचणारीचा जीव वरखाली होतो. दर प्रकरणाच्या शेवटी किंचाळी ठेवू नका. दोन-तीन ठिकाणी पुरे.

बोली

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, बोलणं बोलीत. अख्खं पुस्तक अहिराणीत लिहायचं असेल तर जरूर लिहा, त्याला वेगळं बळ आहे, पण अर्धवट नको. आणि ‘खान्देशी बोली’ असं एकच काही नाही. पारोळा-अमळनेर-धुळ्याकडे ‘काय करी ऱ्हायनी’, भुसावळ-यावल-रावेरकडे ‘काय करू रायली’. सातपुड्यात गेलात तर भिली, पावरी वेगळ्याच. हा फरक नुसता रंग भरायला वापरू नका, त्याला कामाला लावा. शकुंतला कित्येक वर्षं भुसावळला राहिली, शेजारणींसारखी बोलायला शिकली. मनीषा दारात येते, मागोमाग यमुनाबाई उभी दिसते, आणि शकुंतलाच्या तोंडून एकदम ‘शे’ निघतं, ‘आठे शे मी.’ मनीषाला तेवढ्यावरून कळतं की ही बाई मूळची आपल्याकडची आहे. बोली येत नसेल तर येणाऱ्या बाईकडून संवाद तपासून घ्या, तिला त्याचे पैसे द्या आणि पुस्तकात तिचं नाव छापा.

खरं काय घडलं

उलगडा सांगते. दौलत त्या रात्री धाब्यावर आईला म्हणाला की शकुंतलाला आणि पोराला घरी आणतो. आईने रागाने त्याला ढकललं. कठडा नव्हता. मारायचं तिच्या मनातही नव्हतं. पहाटे तिने आणि भिलाने मिळून प्रेत कोरड्या विहिरीत टाकलं. यमुनेला वाटलं, त्याने जीव दिला. सुभद्रेला आईवर संशय आला आणि ती तोंड शिवून बसली. शकुंतलेला वाटलं, सोडून गेला. या तिघी कधी एका ठिकाणी बसून मोकळ्या बोलल्या असत्या तर त्यांना एका रात्रीत सगळं कळलं असतं. तिघी एकत्र बसतात तो प्रसंग तुमच्या कादंबरीचा कळस. तिथे मनीषाला बाजूला बसवा. तिने पुरावे मांडून भाषण ठोकायचं नाही. तिने दस्त उलटा करून तिघींसमोर ठेवावा आणि बोलू द्यावं त्यांना. यमुनाबाईला कळतं की नवरा आपल्या बोलण्याने मेला नाही. पन्नास वर्षांनी कळतं. लेखिकेने तिथे घाई केली तर मी तिला माफ करणार नाही.

दोषी बाई पहिल्या प्रकरणापासून भिंतीवर होती, रोज तिला हार घातला जात होता. शेवटच्या पन्नास पानांत नवीन माणूस आणून त्याच्या गळ्यात खून बांधणं ही वाचणारीची फसवणूक आहे. उलगडा वाचून तिने मागची पानं उलटावीत आणि प्रत्येक खूण जिथल्या तिथे सापडावी: मूठ, रोट, मुद्रांकाची तारीख, कोरडी विहीर, पदराची माती.

शेवटी जमिनीचं काय, हा प्रश्न वाचणारी विचारणारच. भुसावळच्या मुलाला कोर्टात हिस्सा मिळवून देऊ नका, तेवढं सोपं ते नाही, आणि एका प्रकरणात तर नाहीच. पुढच्या श्रावणात सुपात पाचवी मूठ पडताना त्याचं नाव मोठ्याने घेतलं जाईल की नाही, एवढंच ठरवा.

एक काळजीची गोष्ट. नोंदणी झालेला दस्त कोणीही नक्कल काढून वाचू शकतं, पण टेबलाशी बसून एखादी बाई जे सांगून जाते ते तिचं असतं. मी माझ्या पक्षकारांच्या घरातलं काहीही उचलत नाही. तुम्हीही आपल्या आजीचं, मावशीचं उचलणार असाल तर आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर गाव, साल, नातं, जमीन, सगळं बदला. नुसतं नाव बदलून भागत नाही, आपल्याकडे दोन खुणांवरून घर ओळखतात.

पहिला खर्डा झाला की तो छापायला पाठवायच्या आधी एखाद्या सत्तरीच्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा, जिच्या घरी रोट होतात आणि जिने १९७३चा उन्हाळा बघितलाय. ती मध्येच थांबवेल. ‘असं नव्हतं वं बाई’ म्हणेल. वाद घालू नका. त्या ओळीशी पेन्सिलने खूण करा, कसं होतं ते विचारून घ्या आणि ते पान नव्याने लिहा.